हिरवी राहिलेली बाजू

१

अनुसयेची सकाळ ठरलेली होती. झुंजूमुंजू व्हायच्या आत उठायचं, न्हाणीच्या दगडावर बसून अंगावर गार पाणी घ्यायचं, ओल्या केसांनी तुळशीला तांब्या घालायचा, मग परसातल्या अनंताच्या झाडाला, आणि मग देवघरातल्या गोपाळकृष्णापुढे बसायचं. सोमवार, एकादशी, संकष्टी, शिवाय पोटी पोर राहावं म्हणून धरलेले शुक्रवार. शेजारची धनुबाई म्हणायची, "तुन्हा देवलेबी तुन्हा कटाया येत व्हई, बहीण." अनुसया नुसती हसायची. देवाला माणसाचा कंटाळा येत नाही यावर तिचा भरवसा होता, आणि या खेपेला तर देवानं ऐकलंही होतं. तिला दिवस गेले होते. मागच्या खेपेसारखं होऊ नये, एवढंच आता मागणं.

ब्राह्मणपुरीतल्या चुनीलाल पाटलाची ती दुसरी बायको. पहिली सिंधू. मागच्या अधिक महिन्यात, श्रावणात, ती तापानं गेली. पदरी मूलबाळ नव्हतं. रीतीप्रमाणं अनुसयेच्या गळ्यात मंगळसूत्राखाली काळ्या दोऱ्यात ओवलेली चांदीची चपटी पुतळी होती. ती सवतीची. नवं लुगडं आधी पुतळीला लावायचं, मग नेसायचं. ताटातला घास आधी पुतळीला दाखवायचा, मग तोंडात घालायचा. दुसरेपणाच्या सगळ्याच बायका असं करत आणि कुणाला त्यात काही जड वाटत नसे. अनुसयेलाही वाटत नसे. एवढंच की ती पुतळी भर उन्हाळ्यात गार लागायची, आणि नवरा जवळ आला की आधी ती दोघांच्या मधे यायची.

अनंतही सिंधूनंच लावलेला. पुरुषभर उंच, बुडापासून फांद्यांनी भरलेला, पानं इतकी गडद आणि तुळतुळीत की तेलाचा हात फिरवल्यासारखी. न्हाणीच्या मागं, शेवग्याच्या सावलीत तो वाढला होता. त्या साली अधिक ज्येष्ठ येणार होता. अनुसयेनं गुढीपाडव्याला देवापुढे पदर पसरून बोलून ठेवलं होतं, की अधिक महिनाभर रोज घरच्या अनंताचं एक फूल तुला वाहीन. पोटातलं सुखरूप वाढू दे.

आणि पाडवा होऊन आठवडा झाला नाही, तोच अनंताची पानं पिवळी पडायला लागली.

२

पहिल्यांदा तिनं ते मनावर घेतलं नाही. चार पानं पिकतात, गळतात. पण ही पानं पिकत नव्हती. त्यांच्यातला हिरवा रंग कुणीतरी ओढून घेतल्यासारखी ती फिकी पडत होती, आणि फांदीला तशीच चिकटून राहत होती.

तिनं बुडाशी आंबट ताक ओतलं. चुलीतली राख टाकून पाहिली, ती चूक वाटली म्हणून वरची माती उकरून काढून टाकली. पाणी कमी केलं. मग वाढवलं. निंबोळ्या कुटून घातल्या. पानं पालथी करून कीड शोधली, कीड नव्हती.

सासू रुखमाबाई मागच्या ओसरीत बाजेवर असायची. गुडघे धरल्यापासून ती तिथून हलत नसे, पण परसातलं पान हललेलं तिला कळायचं. ती जपाची माळ ओढत बघत होती.

"वहू, शेवगा तोडाले कोनी सांगं?" तिनं विचारलं.

"मी सांगं, आत्याबाई. सुरवंट पडत व्हतात."

"सुरवंट सिंधूवरबी पडत व्हतात. तिनी कधी तोंड उघाडं नही."

फाल्गुनात सुरवंटांनी अनुसयेच्या मानेवर फोड उठवले होते, ते चुनीलालनंच पाहिले आणि आपणहून कुऱ्हाड घेतली. तेव्हा तिला बरं वाटलं होतं. आपल्यासाठी या घरात काहीतरी तोडलं गेलं, याचं बरं वाटलं होतं. आता तीच गोष्ट तिला टोचली. सिंधूनं तोंड उघडलं नाही. सिंधूची भाकरी पापुद्रा सोडायची. सिंधू सारवायची तर बोटांची नक्षी उमटायची. दोन वर्षं ती हे ऐकत होती आणि दर वेळी मनात म्हणायची, असेल, चांगली असेल बिचारी. आणि दर वेळी पुतळीला घास दाखवताना तो जरा लांबूनच दाखवायची. अलीकडे तर कुणी बघत नसलं की दाखवतच नसे.

"जाऊ दे," धनुबाई कुंपणावरून म्हणाली. "झाडले काय समजस, कोनी लायं आन् कोनी तोडं? पानी टाक, नाव घे देवनं." मग मान वाकडी करून तिनं झाडाकडं पाहिलं. "पन हाई तं अर्धंच पिवयं पडनं, माय."

३

शेतकी खात्याचे इंद्रसिंग गिरासे शहाद्याहून सायकलवर आले ते केळी बघायला. शेतातून परतताना चुनीलालनं त्यांना चहाला घरी आणलं. कप हातात घेऊन ते परसात उभे राहिले आणि त्यांचं लक्ष अनंताकडं गेलं.

"वहिनी, पाणी किती घालता?"

"एक हंडा. सकायले."

इंद्रसिंगांनी कप न्हाणीच्या दगडावर ठेवला, धोतर सावरून ते उकिडवे बसले. खालची पानं चाचपली, शेंड्याची कोवळी पानं वाकवून उन्हाकडं धरली. काम करताना माणूस स्वतःशी बोलतो तसं ते बोलत होते.

"खालची पानं आधी पिवळी झाली असती तर म्हटलं असतं, मुळाशी पाणी साचतंय. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असत्या तर म्हटलं असतं, लोह कमी पडतंय; आपल्या काळ्या जमिनीत अनंताला ती खोड लागतेच. तसं काही नाही हे. वरच्या अंगानं भाजल्यासारखं आहे बघा. ऊन लागलंय. सावलीत वाढलेलं झाड एकदम उघड्यावर आलं. इथं काही मोठं झाड होतं का?"

"शेवगा होता," चुनीलाल म्हणाला. "मी तोडला."

"मग झालं. एक ताटी बांधा वरून, पऱ्हाट्यांची. पानं सुधारतील, फुलंही येतील."

अनुसयेच्या जिवात जीव आला. इतकं सोपं होतं. देवानंच पाठवला माणूस. तिनं पदर नीट केला, आणि तेवढ्यात इंद्रसिंग उठून झाडाला वळसा घालून पलीकडं गेले.

पलीकडं म्हणजे मावळतीला. तिथं ते जरा वेळ उभे राहिले.

"ही बाजू हिरवी कशी?" ते म्हणाले.

चुनीलालनं मान लांबवून पाहिलं.

"पाटील, इथं काय असतं? गाडी लावता का दुपारची? कडबा?"

"काही नाही. मोकळंच असतं."

"छे. दुपारचं ऊन इथंच सगळ्यात जास्त. ही बाजू आधी जळायला पाहिजे होती. आणि हीच तेवढी काळीभोर." त्यांनी पेन्सिल काढली आणि पानांना न लावता, हवेतच, हिरव्याच्या कडेनं फिरवली. वर एक गोल गेला. खाली जरा आत. मग दोन्हीकडं उतरती कड, रुंद होत बुडापर्यंत. "काहीतरी बुटकं असणार. रोज दुपारभर इथं सावली धरतंय. एखादं पोतं, नाहीतर माणूस बसल्याएवढं काही." ते हसले. "मांजर तर नाही एवढी मोठी तुमच्याकडं?"

चुनीलालही हसला. ओसरीत माळेचे मणी सरकायचा आवाज थांबला होता.

४

असेल काहीतरी, अनुसयेनं स्वतःला सांगितलं. धनुबाईच्या घराचं आढं उंच आहे. विहिरीचा रहाट आहे. सावल्या फिरतात, कोणती कुठं पोचते कुणी मोजून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, सासूचा डोळा लागला, चुनीलाल पुढच्या खोलीत आडवा झाला, तेव्हा ती मागच्या दारात बसली. वैशाखाची सुरुवात. बाहेर पाहिलं की डोळ्यांत पाणी यावं असं ऊन. कुठं कावळासुद्धा नव्हता. अंगणात ज्याची त्याची सावली ज्याच्या त्याच्या पायाशी गोळा झाली होती. आढ्याची सावली कुंपणाच्या आतही आली नव्हती. रहाटाची विहिरीतच पडली होती.

अनंताच्या मावळतीच्या अंगावर कसलीही सावली नव्हती. तिनं नीट पाहिलं. ऊन सगळीकडं सारखंच पडलं होतं.

तिला हायसं वाटलं. ती उठणार होती. मग तिच्या लक्षात आलं, की वाऱ्याची झुळूक आली की वरची पिवळी पानं लखलखतात. डावीकडची लखलखतात, उजवीकडची लखलखतात. मधली, हिरवी, तुळतुळीत पानं हलत होती आणि त्यांच्यावर एकदाही उजेड चमकत नव्हता.

ती उन्हात उतरली. जमीन तव्यासारखी होती. ती टाचा उचलत गेली. हिरव्या बाजूपाशी थांबून तिनं हात पुढं केला. मनगटापर्यंत हात उन्हात होता. मनगटापासून पुढं गार होता. नुकत्या भरलेल्या माठाच्या तोंडाशी हात धरावा तसं गार.

ती तशीच उभी राहिली. थोड्या वेळानं तिला आणखी एक गोष्ट कळली. गुडघ्यांनाही गार लागत होतं. कुणीतरी तिच्याकडं पाठ करून, झाडाकडं तोंड करून बसलं असेल, आणि ती त्याच्या अगदी मागं, त्याच्या पाठीला गुडघे टेकतील अशी उभी असेल, तर जिथं लागेल तिथंच.

ती एक पाऊल मागं सरली. "ताई," तिच्या तोंडून गेलं. मग स्वतःचंच हसू आलं, मग तेही थांबलं. ती घरात येऊन देवापुढं बसली आणि नाव घेत राहिली. उपासाचं शरीर, दिवस गेलेले, डोक्यावर वैशाखाचं ऊन. भोवळ येणार नाही तर काय होणार. असं तिनं स्वतःला समजावलं आणि ते तिला बरंचसं पटलं.

पटलं नाही ते एकच. सिंधू कुठं बसायची हे तिनं त्या संध्याकाळी सासूला सहज विचारलं.

"कोठे बठी?" रुखमाबाई म्हणाली. "काम आटपनं की तठेच, झाडपान. दुपारभर. चुन्या म्हने, तुले घर नही का?"

५

तिला भीती वाटायला हवी होती. वाटतही होती. पण चारच दिवसांनी तिनं मागच्या दारातून जे पाहिलं, त्यानं भीती मागं पडली.

चुनीलाल तिथं बसला होता. भर दुपारी, अनंताच्या मावळतीला, उकिडवा, हात गुडघ्यांवर टाकून. डोकं उघडं. अंगावर घामाचा थेंब नव्हता. तो काही करत नव्हता, कुठं बघतही नव्हता. दोन वर्षांत अनुसयेनं त्याचा चेहरा असा मोकळा झालेला कधी पाहिला नव्हता. पोर राहिल्याचं सांगितलं तेव्हासुद्धा नाही. तेव्हा तो म्हणाला होता, जपजो.

तो घरात आला तेव्हा ती भाकरीचं पीठ मळत होती. वेळ नव्हती, तरी मळत होती.

"तुम्हीन तठे कसाले बठतस?"

"कोठे?"

"उन्हामा. झाडपान."

चुनीलालनं जरा विचार केल्यासारखं केलं. "गार वाटस तठे," तो म्हणाला. आणि मग, तिला बरं वाटावं म्हणून असेल, "ताटी बांधी देस ना तुले आज."

ताटी त्यानं बांधली. कापसाच्या पऱ्हाट्या सुंभानं विणून वर आडवी धरली, पिवळ्या बाजूंना सावली झाली. तो शेतात गेल्यावर अनुसयेनं उरलेल्या पऱ्हाट्यांची एक दुसरी ताटी विणली. बोटं सोलवटली. ती ताटी तिनं आडवी नाही, उभी रोवली. बरोबर त्या जागी. चार खुंट दगडानं ठोकून. जिथं कुणी बसूच शकणार नाही, असं.

ठोकताना ती मनात म्हणत होती, झाडासाठी करतेय. फुलांसाठी. देवाच्या फुलांसाठी. ती हे इतक्यांदा म्हणाली, की शेवटच्या खुंटाला दगड बोटावर बसला.

सकाळी तांब्या घेऊन ती परसात गेली तेव्हा उभी ताटी तिथं नव्हती. ती न्हाणीच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. मोडली नव्हती, उचकटली नव्हती. चारही खुंट उपटून, माती झटकून, तिच्या पायथ्याशी एका ओळीत मांडले होते. कामाला नेटक्या असलेल्या बाईनं ठेवावेत तसे.

"मी नही काढी," चुनीलाल म्हणाला. सासूला तर बाजेवरून उतरता येत नव्हतं.

खुंटांची भोकं बुजवलेली होती आणि तेवढी जमीन सारवलेली होती. ओलं अजून वाळलं नव्हतं. त्यावर बोटांची नक्षी होती.

६

अधिक महिना लागला. ताटीखालची पानं सुधारली; पिवळेपणा जाऊन ती हिरवटली. इंद्रसिंगांचं खरं झालं. पण त्या बाजूला एकही कळी आली नाही. कळ्या आल्या त्या सगळ्या मावळतीला, त्या काळ्याभोर पानांत. हिरव्या, पिळदार, भरगच्च.

पहिल्या दिवशी पहाटे ती झाडापुढं बराच वेळ उभी राहिली. घरच्या अनंताचं फूल, असं ती बोलली होती. कुठल्या बाजूचं, असं बोलली नव्हती. आणि फूल नाही वाहिलं तर? मागच्या खेपेला तिसऱ्या महिन्यात न्हाणीच्या या दगडावरच सगळं वाहून गेलं होतं. ते तिला आठवलं आणि तिनं हात घातला. गार लागलं. देठ न ओढता फूल तळहातात आलं. कुणीतरी पलीकडून सोडून दिल्यासारखं.

ती घरात वळली तशी ओसरीतून सासू म्हणाली, "पहिले पुतळीले दखाड. मंग देवले."

"देवनं फूल शे, आत्याबाई."

"दखाड. तिना झाडनं शे."

सासूचे डोळे तिच्यावर होते. अनुसयेनं फूल गळ्याशी नेलं, पुतळीला टेकवलं, आणि मग आत जाऊन गोपाळकृष्णाला वाहिलं. पांढरंशुभ्र फूल. दुसऱ्या दिवशी निर्माल्य काढताना ते पिवळं झालेलं असायचं, पण अनंताचं फूल असंच असतं, सगळ्यांना माहीत आहे.

महिनाभर हेच. रोज गारव्यात हात घालायचा, रोज फूल आपणहून सुटायचं, रोज ते आधी पुतळीला, मग देवाला. हळूहळू तिची भीती मऊ पडली. वाईट असतं तर देवाला फुलं कशाला दिली असती. सिंधूताईच देतेय, असं ती मनाला सांगू लागली, बहीण बहिणीला देते तसं. पोट दिसायला लागलं होतं. चुनीलाल बाजारातून खारका आणायचा. अनुसया देवापुढं बसली की तिला पाळण्याचा कुरकुर आवाज ऐकू आल्यासारखा व्हायचा आणि ती डोळे न उघडता हसायची.

"पोट चांगलं धरनं," धनुबाई म्हणाली. दोघी ओसरीच्या कडेला तांदूळ निवडत होत्या. "पन तुन्हं तोंड पिवयं दिसी ऱ्हायनं, बहीण. डोयाबी."

"उपास शेतस ना."

"आते पुरे कर उपास. लाथ मारस का पोऱ्या?"

"अजून नही."

"मारी. तू हात ठेव, तठेच यीसन मारी. मायना हात पोटमाईन समजस त्यासले." धनुबाईनं निवडलेले तांदूळ सुपात झटकले. "मन्हा भिला तं अशा मारे, लुगडं हाले."

त्या दिवसापासून अनुसया येता जाता पोटावर हात ठेवून बघायची. आत सगळं शांत असायचं.

७

अधिक महिना संपला. तिनं उद्यापन केलं. अनारसे वाटले, सवाष्णी जेवल्या, शेवटचं फूल वाहिलं. बायका गेल्या. सासूच्या पाया पडायला ती बाजेपाशी वाकली तेव्हा रुखमाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. म्हातारीचे डोळे भरले होते.

"व्हयनं, बेटा. सिंधूना नवस फिटना."

अनुसयेनं मान वर केली. "मन्हा नवस, आत्याबाई."

"तुन्हा तं आतेना. तिना पहिलेना. तिनीबी हाऊच बोलेल व्हता, पोटले पोर दे म्हनीसन. अधिक महिनामा रोज अनंतनं फूल. अर्धा महिना झाया आन् ताप उना." तिनं पदरानं डोळे पुसले. "तिना झाडनं फूल, तिना पुतळीले लाईसन, अख्खा महिना देवले गयं. तुन्हा हाते फिटना पोरीना नवस. आते तिनं तिले भेटी जाई."

म्हातारी ते प्रेमानं म्हणाली. अनुसयेला दोन्ही सुनांबद्दलचं तिचं प्रेम त्यात ऐकू आलं, आणि बाकीचंही: आता तिचं तिला मिळून जाईल.

ती परसात आली. दुपार कलायला लागली होती, तरी ऊन पांढरं होतं. अनंताला वळसा घालून ती मावळतीला गेली आणि थबकली. हिरवं राहिलं नव्हतं. सकाळी फूल काढताना ती पानं काळीभोर होती. आता तीही वरच्या अंगानं फिकी पडली होती. तिनं हात घातला. गार लागलं नाही. ऊनच लागलं, सगळीकडं लागतं तसं.

गेली, तिच्या मनात आलं. नवस फिटला, जीव शांत झाला, गेली बिचारी. ती न्हाणीच्या दगडावर टेकली. दगड तापलेला होता. पाय भाजत होते, खांदे भाजत होते, मानेवर घाम उतरत होता. उन्हानं ती बरी झाल्यासारखी झाली. कुठंतरी आत बोलायची सवय होती तसं तिनं देवाला म्हटलं, सगळं नीट केलंस रे बाबा.

पोटावर घाम नव्हता.

तिनं खाली पाहिलं. लुगड्याचा जांभळा रंग उन्हानं विटल्यासारखा उजळ दिसत होता. मांडीवर, गुडघ्यांवर, पदरावर. पोटावर तेवढा तो गडद होता. ओला असल्यासारखा. गडद जागा लांबट होती, वर जरा पसरलेली, आणि तिच्या एका कडेला पाच फाटे होते. ती स्थिर नव्हती. पोटाच्या गोलाईवरून ती हळूच खाली गेली, थांबली, वर आली. घाई नव्हती. न दुखवता चाचपण्याची रीत असते तशी.

आणि आत काहीतरी हललं.

पहिल्यांदाच. मासोळी पाण्यात वळावी तसं. गडद जागा डाव्या अंगाला सरकली. आतलंही डाव्या अंगाला आलं आणि तिथं त्यानं लाथ मारली. लुगडं हललं. जागा वर सरकली. आतलं तिच्या मागं वर आलं.

एक क्षण, अगदी एकच, ती नुसती आनंदात होती. मग तिनं आपला हात उचलला आणि त्याच जागी, आपल्या पोटावर ठेवला.

आतलं थांबलं.

ती थांबून राहिली. काही नाही. तिनं हात काढला. लगेच वळवळ, लगेच लाथ, दोन लाथा. तिनं पुन्हा हात ठेवला. दार लावून घ्यावं तसं सगळं बंद.

"हाई मन्हं शे, ताई," ती म्हणाली. हळूच म्हणाली, भांडण नको असलेल्या माणसासारखं.

तिच्या हातांवर गारवा आला. हातांच्या पाठीवर, बोटांच्या मधून. ओढत नव्हता, ढकलत नव्हता. हात निघायची वाट बघत होता. तिनं दुसराही हात वर ठेवला. बोटांत बोटं गुंतवली आणि पोट दोन्ही हातांनी झाकून घेतलं, घट्ट, अगदी गच्च. नखं पांढरी व्हायला हवी होती. ती पिवळी दिसत होती.

"वहू," ओसरीतून सासूनं हाक मारली. "उन्हामा काय बठनी? इकडे ये."

"येस ना, आत्याबाई."

ती उठली नाही. ऊन कुंपणापर्यंत उतरलं. पलीकडं धनुबाईच्या चुलीचा धूर निघाला. चुनीलाल बैल घेऊन आला, परसातून जाताना तिच्याकडं बघून काही बोलला आणि उत्तराची वाट न बघता गोठ्यात गेला. हातांखाली काही हलत नव्हतं. फार वेळ झाला होता हलून. हात उचलले तर कळेल, आत जीव आहे की नाही. आणि असला, तर तो कुणाकडं धावतो तेही कळेल.

अनुसयेनं हात उचलले नाहीत.